लाँच, होड्या आणि कामाच्या बोटी : सुरक्षा नियमांवर हरकती-सूचना काय लिहायच्या?

मोरेकर

नमस्कार मंडळी,

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले. स्पीडबोटीच्या इंजिनची तेव्हा चाचणी चालू होती. धडक त्या बोटीने दिली हे खरं. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं, हेही तितकंच खरं. त्यानंतर काही दिवस जॅकेट घातल्याशिवाय कुणाला चढू देत नव्हते. पुढे काय झालं ते रोज ये-जा करणाऱ्यांना सांगायला नको.

अपघातानंतर आपण सगळेच तावातावाने बोलतो. हा धागा काढतोय तो त्याच्या आधीच्या वेळेसाठी, म्हणजे नियम ठरत असतात तेव्हासाठी. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये आला आणि ७ जून २०२२ ला लागू झाला. त्याखाली बोटीची बांधणी, नोंदणी, सारंग-खलाशांची पात्रता, जीवरक्षक साधनं, आगीपासून बचाव, दिवे आणि सिग्नल असे वेगवेगळे नियम केंद्राने केले. मसुदे हरकती-सूचनांसाठी जाहीरही झाले होते. माझ्या ओळखीच्या एकाही तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, ते माहीत नव्हतं. मी मोरा ते भाऊचा धक्का हा प्रवास कॉलेजपासून करतोय, मलाही कळलं नव्हतं. मसुदा दिल्लीतल्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर, इंग्रजीत, शेकडो कलमांचा. मोऱ्याच्या धक्क्यावरच्या फळ्यावर साधा कागदही लागला नाही.

नियम काही एकदाच होत नाहीत. दुरुस्त्या येतात, राज्याचे आदेश येतात, मेरीटाईम बोर्डाची परिपत्रकं येतात. म्हणून आपल्यातल्या जाणकारांनी आणि रोजच्या प्रवाशांनी मिळून एक पत्र तयार ठेवावं असं मला वाटतं. माझी एकच विनंती आहे. प्रत्येक सूचनेसोबत हेही लिहा, की ही गोष्ट धक्क्यावर कोण तपासणार आणि पाळली जात नसेल तर बोट थांबवण्याचा अधिकार कुणाला. 'जॅकेट सक्तीची करा', 'कडक कारवाई करा' एवढंच लिहिणार असाल तर ते आधीच नियमांत आहे.

नाखव्याचा_पोर

मोरेकर, बरं केलंत धागा काढलात. माझे वडील तांडेल होते, भाऊ अजून आहे. त्यांच्या बाजूने लिहितो.

संध्याकाळची शेवटची लाँच डोळ्यांसमोर आणा. तिकीट खिडकीवर वेगळा माणूस. फळीवर उभा खलाशी तिकीट बघतो, फाडतो, पण मोजत नाही. तिकीट लागत नाही म्हणून कडेवरचं मूल हिशेबात धरलं जात नाही. लाँच सुटता सुटता चार-पाच जण धावत येऊन उडी मारतात. तांडेल सुकाणूपाशी, त्याला मागचं काही दिसत नाही. आणि समजा त्याने मान वळवून पाहिलं, तरी 'दहा माणसं उतरवा' असं म्हणायची त्याची टाप आहे का? पगार मालक देतो. धक्क्यावर अडकलेली माणसं शिव्या तांडेलाला घालतात. अपघात झाला की गुन्हा मात्र पहिला तांडेलावर.

तेव्हा माझी सूचना लिहून घ्या. माणसं मोजायची ती फळीच्या आधी, धक्क्यावर, आणि मोजणारा माणूस मालकाचा नसावा. बंदर निरीक्षकाचा असो, नाहीतर ग्रामपंचायतीचा. त्याने आकडा लिहून सही केल्याशिवाय दोर सुटू नये. आणि तांडेलाने हवा किंवा गर्दी बघून फेरी नाकारली तर त्या दिवसाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे. ही शेवटची ओळ पत्रात नसेल तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

भरतीओहोटी

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. फेरी नाकारण्याचा अधिकार हाच खरा सुरक्षा नियम आहे.

चिऊताई_अलिबाग

जॅकेटबद्दल लिहिते. मांडव्याला नेहमी जाणं होतं, सोबत दोन लहान मुलं. लाँचवर जॅकेट असतात, नाही असं नाही. पण छताखालच्या फळ्यांवर गठ्ठे करून नायलॉनच्या दोरीने बांधलेली. माझ्या डोळ्यांदेखत एका काकांनी गंमत म्हणून एक सोडवायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना, शेवटी कुणीतरी किल्लीने ओढून सैल केली. बुडत्या बोटीत ते कोण करणार? मुलांच्या मापाचं जॅकेट मागितलं तर खलाशाने मोठ्यांचंच आणून दिलं. तीन वर्षांच्या मुलाच्या अंगावर ते राहतच नाही, हात वर केले की डोक्यावरून निघून जातं. साडीवर ते कसं घालायचं, कडेवर बाळ असताना पट्टा कुठून घ्यायचा, हे कुणी दाखवत नाही.

माझ्या सूचना : जॅकेट सीटखाली किंवा हाताला येईल असं, मोकळं. मुलांची जॅकेट वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या खणात. आणि लाँच सुटायच्या आधी दोन मिनिटं एका खलाशाने मराठीत आणि हिंदीत घालून दाखवायचं.

आडवा_ओंडका

मी बोटींचे सर्व्हे, म्हणजे सुरक्षेची तपासणी, करण्यात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. चिऊताई, तुमच्या सूचना उत्तम आहेत. पण जॅकेटवरच सगळी चर्चा थांबू नये म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बोट उलटते ती वजनाने कमी आणि वजन कुठे आहे त्याने जास्त. खाली ५० माणसं बसली तर बोट जड होते पण स्थिर राहते. त्यातली ३० वरच्या मजल्यावर गेली तर वजन तेवढंच, पण गुरुत्वमध्य वर सरकतो आणि एकदा झुकलेली बोट सरळ व्हायला वेळ लावते. आपल्याकडे वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे घेतात, म्हणजे बोट जिथे कच्ची होते तिथेच माणसं बसवून वर कमाई. त्यात गेटवे-मांडवा मार्गावर समुद्रपक्ष्यांना वेफर्स टाकायला अख्खा वरचा मजला एका कठड्याला जातो. त्या क्षणी बाजूने मोठ्या जहाजाची लाट आली तर काय होईल, याचा विचार करा. तळात पाणी साचलेलं असेल तर आणखी वाईट, कारण बोट झुकली की ते पाणीही त्याच बाजूला धावतं.

बोट किती माणसं पेलेल हे ठरवायला झुकाव चाचणी असते. ठराविक वजनं डेकवर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकवायची आणि ओळंब्याने बोट किती अंश कलली ते मोजायचं. अवघड काही नाही, अर्ध्या दिवसाचं काम. अडचण पुढे येते. सर्टिफिकेट मिळाल्यावर मालक पत्र्याचं छप्पर टाकतो, वर बाकं वाढवतो, इंजिन बदलतो. बोट दुसरीच होते, कागद तोच राहतो. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला २२ माणसं गेली. ती बोट मासेमारीच्या होडीची पर्यटक बोट केलेली होती, दुमजली, आणि तिच्यावर क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. त्याआधी २००९ मध्ये थेक्कडीच्या तलावात दुमजली बोट उलटून ४५ जण गेले होते. तिथेही वरच्या मजल्यावरची माणसं एका बाजूला गेल्याचं सांगितलं गेलं.

म्हणून पत्रात हे घाला : छप्पर, बाकं, इंजिन किंवा मजला बदलला की झुकाव चाचणी पुन्हा. आणि वरच्या मजल्याची माणसं वेगळी मोजायची, एकूण आकड्यात लपवायची नाहीत.

आता जॅकेट. बाजूने प्लास्टिकचे पडदे लावलेल्या बंद लाँचमध्ये सगळ्यांनी सतत फुगीर जॅकेट घालून बसणं धोक्याचं ठरू शकतं. बोट उलटली की जॅकेट माणसाला वर ढकलतं, म्हणजे छताला चिकटवतं, आणि तिथून खाली बुडी मारून बाहेर पडता येत नाही. उघड्या होडीत मात्र जॅकेट अंगावरच हवं, त्यात दुमत नाही. 'सर्व बोटींवर सक्ती' असं सरसकट लिहिण्यापेक्षा बोटीच्या प्रकारानुसार लिहायला हवं. पावसाळी पडदे आणि बंद खिडक्या यांच्याबद्दल नियम असावा, जॅकेटइतकाच महत्त्वाचा.

चिऊताई_अलिबाग

बंद लाँचचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तसं असेल तर निदान मुलांना पडद्यापासून दूर, दाराजवळ बसवा, असं तरी सांगायला हवं ना, ओंडकाकाका?

आडवा_ओंडका

दाराजवळ बसवणं बरोबर, पण दारच मोकळं हवं. सामानाच्या पिशव्या आणि मासळीच्या टोपल्या दारातच ठेवतात. दारातली वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी एका ठराविक खलाशाच्या नावावर असावी.

वैनगंगेकाठी

इथे सगळं मुंबई बंदराभोवती फिरतंय म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहे. २३ जानेवारी २०२४ ला चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि सहा बायका गेल्या. मिरची तोडायला निघाल्या होत्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत ११ जण गेले. दोन्हीकडे साधी नाव होती. ना इंजिन, ना जॅकेट, ना तिकीट, ना बंदर निरीक्षक.

आमच्याकडे नाव ही चैन किंवा पर्यटन नाही. पलीकडच्या काठावर काम आहे, अलीकडे घर आहे, पूल दूर आहे. रस्त्याने गेलं तर मजुरीतली मोठी रक्कम भाड्यात जाते. नाव चालवणारा गावातलाच, बहुतेकदा मासेमारी करणारा ढिवर समाजाचा. त्याला कुणी परवाना विचारला नाही आणि त्यानेही कधी काढला नाही. २०२१ च्या कायद्यात बिनइंजिनच्या बोटींचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांची नोंद घेण्याचं काम राज्य सरकार जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत पातळीवर सोपवू शकतं. कागदावर ही तरतूद मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण आमच्या नावाड्यापर्यंत पोचेल असा दुसरा कुठलाच दरवाजा त्या कायद्यात नाही. आमच्या ग्रामसभेत मात्र हा विषय एकदाही आलेला नाही.

भीती एकच. नियम आला की तहसीलदार नाव बंद करेल आणि फलक लावून मोकळा होईल. बायका मग चोरून जातील, पहाटे, अंधारात, आणखी भरलेल्या नावेतून. बंदी सोपी आहे, तिने कुणी सुरक्षित होत नाही. ग्रामपंचायतीने जॅकेट घ्यावीत, नावेच्या बाहेरच्या अंगाला दिसेल अशी रंगाची रेषा मारावी, पाणी रेषेवर आलं की नाव हलणार नाही. एवढं गावात कुणीही बघू शकतं, त्याला इन्स्पेक्टर लागत नाही. आणि जिथे रोज माणसं ओलांडतात अशा घाटांची यादी जिल्ह्याने करावी. ती यादी झाली तर पुलाच्या मागणीलाही आधार मिळेल.

मोरेकर

सर, तुमचं म्हणणं पत्राच्या सुरुवातीला घेतो. मी लिहितानाही लाँचचाच विचार करत होतो. रंगाची रेषा ही सूचना तर मुंबईच्या लाँचलाही लागू पडावी.

आडवा_ओंडका

रेषा असायलाच हवी. अट एकच, ती सर्व्हेयरने आखून दिलेली असावी आणि मालकाने पुन्हा रंग देताना वर सरकवू नये. तसं होतं म्हणून सांगतोय.

इंदापूरकर

उजनीचंही लिहा. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगाव ते कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एक जण पोहत काठावर आला म्हणून बाकीच्यांना कळलं. धरणाच्या पाण्यात लाट उठत नाही असा लोकांचा समज आहे. उजनीचा फुगवटा इतका रुंद आहे की वळवाच्या वाऱ्यात बघता बघता लाटा उठतात. केंद्राच्या नियमांत पाण्याची विभागणी लाटेच्या उंचीवरून केली आहे. मग आमचं धरण कुठल्या वर्गात, हे कुणी मोजून ठरवलंय का, हे विचारा. आणि धरणाचा मालक जलसंपदा विभाग, बोट खासगी, परवाना तिसऱ्याचा, शोधकार्याला चौथा. अपघातानंतर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. प्रत्येक जलाशयासाठी एकच जबाबदार अधिकारी नावानिशी जाहीर करा, एवढी एकच ओळ माझी.

पांढरं_शीड

मी मालवणचा, आमची किल्ल्यावर नेणारी छोटी बोट आहे. इथे सगळे मालकाला खलनायक करतायत असं नाही म्हणत, पण माझीही बाजू ऐका.

पावसाळ्यात प्रवासी वाहतूक बंद असते. उरलेल्या महिन्यांत वर्षाची कमाई काढायची. सर्व्हे, विमा, जॅकेट, आग विझवायचे सिलिंडर, खलाशाचं प्रशिक्षण, सगळं एका हंगामातून. नियम लिहिताना समोर गेटवेची मोठी लाँच असते आणि लागू होतो तो १० माणसांच्या होडीलाही. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांना इंजिनच नाही, त्यांना कुठला तक्ता लावणार?

सुरक्षा नको असं मी कधीच म्हणणार नाही. माझ्याच बोटीत माझी मुलं बसतात. पण सर्व्हेसाठी तारीख मिळेना म्हणून हंगामाचे सुरुवातीचे दिवस बोट उभी ठेवावी लागली की काय वाटतं ते ज्याचं त्याला ठाऊक. शेजारचा मात्र कागद नसताना धंदा करतो आणि त्याला कुणी विचारत नाही. पत्रात लिहा : सर्व्हेचं शिबिर प्रत्येक बंदरात, हंगामाआधी, ठरलेल्या तारखेला. जॅकेट आणि साधनांसाठी सहकारी संस्थेमार्फत एकत्र खरेदी. आणि कागद पूर्ण असलेल्या बोटीला धक्क्यावर पहिला नंबर.

नाखव्याचा_पोर

'कागद पूर्ण त्याला पहिला नंबर' हे फार आवडलं. दंडापेक्षा याने जास्त बोटी सरळ होतील. लाँचवाल्यांच्या संस्थेत पाळी लावतात, त्यात हे बसवता येईल.

तेलक्षेत्र

कामाच्या बोटींबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. मी बॉम्बे हायच्या, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींच्या, भागात ठेकेदाराकडे वेल्डर म्हणून काम केलंय.

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कामगारांना राहायला असलेला पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाची मोठी बोट) बुडाला. त्याच वादळात वरप्रदा हा टग (ओढून नेणारी बोट) गेला. दोन्हीवर मिळून २७४ माणसं, वाचली १८८, गेली ८६. नौदलाने रात्रभर खवळलेल्या समुद्रातून माणसं काढली म्हणून एवढी तरी वाचली. बार्जवरचे जीवरक्षक तराफे भोकं पडलेले होते असं वाचलेल्या लोकांनी सांगितलं. मी ते वाचलं तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. तराफा बंद डब्यात असतो, तो वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही, डब्यावरची तारीख तेवढी बघतात.

बार्जवरचे बहुतेक लोक खलाशी नव्हते. वेल्डर, रंगारी, आचारी, फिटर. कुणी गावाकडून पहिल्यांदा समुद्र बघायला आलेला. प्रवासी म्हणून त्यांची गणती नाही आणि खलाशी म्हणूनही नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत १ जुलै २०२४ पासून अशा कामगारांचा वेगळा वर्ग आला, पण तो मोठ्या जहाजांसाठी. धरमतर खाडीतल्या कोळशाच्या बार्जवर, पुलाच्या कामाच्या तराफ्यावर, वाळूच्या पडावावर जो मजूर आहे त्याच्यासाठी काय? त्याचं नाव कुठल्या यादीत असतं? बोट बुडाली तर किती माणसं शोधायची हे तरी माहीत असायला हवं. पत्रात कामाच्या बोटींना वेगळा परिच्छेद द्या. निघण्याआधी नावांची यादी किनाऱ्यावर ठेवायची, आणि वादळाचा इशारा आला की बोट परत आणण्याचा निर्णय ठेकेदाराच्या हातात ठेवायचा नाही.

मांडवीतीर

तेलक्षेत्र, नावांच्या यादीचा मुद्दा गोव्यातही हवा. आमच्याकडे मांडवी-झुआरीत खनिजाचे बार्ज, कॅसिनोच्या बोटी, पर्यटकांच्या क्रूझ आणि नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी एकाच पाण्यात. फेरीबोटीत लोक स्कूटरवर बसूनच पलीकडे जातात, कुणी उतरत नाही. २५ डिसेंबर २०२४ ला, नाताळच्या दिवशी, कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एक जण गेला. आमची सूचना : जिथे वेगवेगळ्या प्रकारच्या बोटी एकत्र चालतात तिथे वेगमर्यादा आणि वाट आखून द्या. नीलकमलचा धडाही तोच नाही का? गर्दीच्या मार्गावर चाचणी करणाऱ्या बोटीला जागाच नसायला हवी, मग ती कुणाचीही असो.

टेम्सकाठची_मुलगी

मी इंग्लंडमध्ये राहते, माहेर उरणचं. इथली पद्धत सांगते, उपयोग झाला तर बघा.

२० ऑगस्ट १९८९ ला लंडनमध्ये मार्शनेस नावाची पार्टीची बोट गाळ काढणाऱ्या जहाजाच्या धडकेने बुडाली, ५१ जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला. २००२ मध्ये टेम्सवर कायमच्या बचावबोटी आल्या. दरम्यान १९९९ च्या नियमांनी प्रवासी बोटीने निघण्याआधी माणसं मोजणं आणि तो आकडा किनाऱ्यावरच्या माणसाला कळवणं बंधनकारक केलं. नाखव्याचा_पोर म्हणतात तेच, फक्त कायद्यात.

हरकती-सूचनांचं म्हणाल तर इथे मसुद्याबरोबर प्रश्नांची यादी देतात. छोट्या बोटवाल्यांना किती खर्च पडेल याचा अंदाज देतात आणि तो चुकला असेल तर सांगा म्हणतात. मुदत संपल्यावर कुठल्या सूचना आल्या, कुठल्या घेतल्या, कुठल्या का घेतल्या नाहीत, याचा अहवाल निघतो. आपली सूचना नाकारली तरी कारण वाचायला मिळतं. पुढच्या वेळी माणूस पुन्हा लिहितो, ते त्यामुळेच.

कलम_तेवीस

वकील आहे म्हणून एवढं सांगतो, असं आपल्याकडेही अपेक्षित आहे. केंद्राने ५ फेब्रुवारी २०१४ ला कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण सगळ्या मंत्रालयांना कळवलं. मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा, सोबत कारणं आणि परिणाम सोप्या भाषेत द्यायचे, आणि आलेल्या सूचनांचा सारांश संकेतस्थळावर टाकायचा. नियमांनाही ते लागू आहे. हे धोरण आहे, कायदा नाही, म्हणून पाळलं नाही तर कोर्टात फारसं काही करता येत नाही. पण ज्या कायद्यात 'पूर्वप्रसिद्धी'ची, म्हणजे नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करण्याची, अट असते तिथे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं कलम २३ लागतं. आलेल्या हरकती विचारात घेणं मग बंधनकारक होतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सुद्धा महत्त्वाची धोरणं ठरवताना सगळी माहिती आपणहून प्रसिद्ध करायला सांगतं.

व्यवहारात करायचं ते असं. पत्र नुसतं ईमेलने पाठवू नका, पोचपावतीसह टपालानेही पाठवा. प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या आणि ती कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमाबद्दल आहे ते लिहा. तीन महिन्यांनी माहिती अधिकारात एकच प्रश्न : आमच्या सूचना क्रमांक अमुक वर काय टिप्पणी झाली, त्या नस्तीची (फाईलची) प्रत द्या. क्रमांक नसेल तर उत्तर 'नोंद घेतली' एवढंच येतं.

भरतीओहोटी

मसुदा मराठीत धक्क्यावर लावा, ही मागणी पहिली घ्या. तानूरनंतर केरळ उच्च न्यायालयाने बोटीत किती माणसं चालतात ते दारात आणि आत मल्याळममध्ये लिहायला सांगितलं. आपल्या लाँचवर तो आकडा शोधावा लागतो, असलाच तर इंजिनखोलीच्या दारावर खरवडलेल्या अक्षरांत.

रेवसची_आजी

मुलाच्या फोनवरून लिहिते. माझे सासरे रामदास बोटीच्या वेळी दहा वर्षांचे होते. १७ जुलै १९४७, गटारीचा दिवस, घरचे मुंबईहून रेवसला येणार होते म्हणून सगळे धक्क्यावर वाट बघत होते. काशाच्या खडकाजवळ बोट गेली. सहाशेच्या वर माणसं. बोटीवर वायरलेस नव्हता, मुंबईला कळायला संध्याकाळ झाली. आमच्या भागात अजून त्या अमावास्येला समुद्र ओलांडत नाहीत.

तुम्ही लिहिताय ते चांगलं आहे. त्यात म्हाताऱ्या माणसांचंही लिहा. ओहोटीला लाँच खाली जाते आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरावं लागतं. कुणी हात दिला तर ठीक. कठडा लावा, पायऱ्या रोज घासा.

मोरेकर

आजी, नक्की घेतो. मोऱ्याला गाळामुळे हीच अडचण आहे, ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही.

आतापर्यंतच्या सूचना एकत्र केल्या. कच्चा मसुदा असा :

'आम्ही प्रवासी, तांडेल, बोटमालक, कामगार आणि नदीकाठचे रहिवासी. नियमांच्या कुठल्याही मसुद्याची मराठी प्रत प्रत्येक धक्क्यावर, घाटावर आणि ग्रामपंचायतीत लावावी, आणि मुदत त्या दिवसापासून मोजावी. (१) नदी आणि जलाशयांवरच्या बिनइंजिनच्या नावांची नोंद ग्रामपंचायतीमार्फत, विनाशुल्क. नाव बंद करण्याआधी ये-जा करण्याची पर्यायी सोय. भाररेषा सर्व्हेयरने आखलेली, बाहेरून दिसणारी. (२) प्रवासी मोजणारा मालकाव्यतिरिक्त, धक्क्यावर, मुलांसह. आकडा किनाऱ्यावर लिहून ठेवावा. (३) धोक्याच्या कारणाने फेरी नाकारणाऱ्या तांडेलाची मजुरी आणि नोकरी सुरक्षित. (४) बांधणीत बदल झाल्यास झुकाव चाचणी पुन्हा, वरच्या मजल्याची क्षमता वेगळी. (५) जॅकेट बोटीच्या प्रकारानुसार, मोकळी आणि मुलांच्या मापाची. बाहेर पडायची दारं मोकळी. (६) कामाच्या बोटींवरच्या सर्वांची नावं किनाऱ्यावर, जीवरक्षक तराफ्यांची उघडून तपासणी, वादळात परतण्याचा निर्णय ठेकेदाराकडे नको. (७) प्रत्येक जलाशयाला एक जबाबदार अधिकारी. (८) छोट्या बोटींसाठी हंगामाआधी बंदरात सर्व्हे शिबिर, कागद पूर्ण असलेल्यांना पाळीत प्राधान्य. (९) गर्दीच्या जलमार्गांवर आखलेली वाट आणि वेगमर्यादा, तिथे चाचण्यांना मनाई. (१०) धक्क्याच्या पायऱ्यांना कठडा आणि रोजची सफाई.'

कलम क्रमांक टाकायचं काम कलम_तेवीस यांनी करावं ही विनंती. केंद्रीय मंत्रालय, मेरीटाईम बोर्ड आणि जलसंपदा विभाग, तिघांनाही पाठवू.

पांढरं_शीड

(२) मध्ये थोडा बदल हवा. छोट्या बंदरात मोजणाऱ्याचा पगार कोण देणार? तिकिटात एक रुपया धरा आणि तो ग्रामपंचायतीला द्या. नाहीतर ते कलम पहिल्याच वर्षी मरेल.

नाखव्याचा_पोर

चालेल. आणि तो एक रुपया किती जमला हे महिन्याला धक्क्यावर लिहायचं. तिकिटांचा आकडा आणि जमलेला रुपया जुळला नाही की कुणालाही कळेल.

वैनगंगेकाठी

(१) मध्ये 'विनाशुल्क' ठेवल्याबद्दल आभार. मी हा मसुदा छापून ग्रामसभेत वाचणार आहे. नावाड्यांनाही बोलावतो, त्यांच्या हरकती इथे टाकीन. त्यांना रेषेबद्दल नक्की काहीतरी सांगायचं असेल, पुराच्या पाण्यात आणि उन्हाळ्याच्या पाण्यात नाव वेगळी वागते.

आडवा_ओंडका

सर, त्यांचं म्हणणं शब्दशः टाका. पुरासाठी वेगळी, खालची रेषा लागेल का हे मी आकडे मांडून सांगतो. नावेची लांबी, रुंदी आणि काठाची उंची तेवढी मोजून पाठवा.